गौरीव्रताचा तयार संच: खाखरा घ्या, जवारे घरीच पेरा

तयार संच घ्यावा की सुटं सामान, एवढंच ज्यांना हवंय त्यांना आधीच सांगते. खायचं सामान दुकानातून आणा, जवारे, म्हणजे पूजेला लागणारे धान्याचे कोंब, घरी पेरा, आणि तयार नागल्यासाठी, म्हणजे कापसाच्या माळेसाठी, एक रुपयासुद्धा खर्च करू नका. ज्यांना सविस्तर वाचायला वेळ आहे त्यांनी पुढे या.

मी सांगलीची, सासर बडोद्याचं आणि गुजराती. लेक दुसरीत आहे. तिचं गौरीव्रताचं हे दुसरं वर्ष. इकडे या व्रताला मोळाकत म्हणतात, मोळं म्हणजे अळणी. आषाढ शुद्ध एकादशीला सुरू होतं, पौर्णिमेला संपतं. पाच दिवस मीठ नाही. गव्हाचं चालतं, दूध-तूप चालतं, फळं चालतात, गूळ-साखर चालते. मिठाचा कण मात्र नाही. सहा-सात वर्षांच्या मुली हे करतात, सलग पाच वर्षं करतात आणि मग उजवणं होतं. मोठ्या मुलींचं आणि लग्न झालेल्यांचं जयापार्वती व्रत वेगळं, ते दोन दिवस उशिरा, तेरसेला, म्हणजे त्रयोदशीला, सुरू होतं. म्हणजे या आठवड्यात एकाच घरात दोन-तीन जणी अळणी जेवत असतात आणि स्वयंपाक करणारीला आपण कोणासाठी कशात मीठ घातलंय याचा हिशेब ठेवावा लागतो. आमच्या ओट्यावर तर मिठाचा डबा या दिवसांत वरच्या फळीवर जातो.

पेच असा, की व्रताचा पहिला दिवस म्हणजे आपली आषाढी एकादशी. माझी आई सांगलीहून फोन करून नातीला विचारते, "खिचडी खाल्लीस का ग?" खिचडीत मीठ असतं, त्यामुळे नात म्हणते नाही. मग नात सांगते, मी भाखरी खाल्ली, आणि इकडे आईचा जीव वरखाली, एकादशीला गहू! दोन्हीकडचा उपास पाळायचा तर पोरीने दूध-केळ्यावरच राहायचं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे बांनी, हा तिढा गेल्या वर्षीच सोडवून टाकला: पहिल्या दिवशी फळं, दूध आणि सुकामेवा, दुसऱ्या दिवसापासून गहू. आईला पंढरपूर सांभाळल्याचं समाधान, बांना गोरमा, म्हणजे गौरीमाता. शिवाय आमच्या इथे मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून त्याच दिवशी, देवपोढी एकादशीला, वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो. गायकवाडांचं गाव हे. विठोबा इथे आधीपासूनच आहे.

आता संचाकडे. दुकान जुन्या शहरातलं, एका बाजूला पूजेचं सामान, दुसऱ्या बाजूला सुका नाश्ता. नाव देत नाही, कारण एकाच दुकानाला धरून बसायचं कारण नाही. आषाढात असे संच पुष्कळ ठिकाणी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो. किंमत 650 रुपये. पुठ्ठ्याच्या गुलाबी खोक्यात उगवलेल्या जवाऱ्यांचं रामपातर (मातीचं पसरट भांडं), नागल्याची जोडी, कंकू-चोखाच्या (कुंकू-अक्षतांच्या) पुड्या, छोटा दिवा, मेंदीचे दोन कोन, मोळ्या खाखऱ्यांचं पाकीट, सुखडी, केळ्याचे वेफर आणि सुकामेव्याची पिशवी. हिशेब लिहिणं हेच माझं पोटापाण्याचं काम, तेव्हा सुट्या भावाने बेरीज केलीच. 480 च्या आसपास येते. उरलेले पैसे खोक्याचे आणि तुमच्या वाचलेल्या फेऱ्यांचे. मला ते फार वाटत नाहीत. ऑफिसातून निघून पार्किंग शोधत मांडवीच्या गर्दीत शिरणं ज्यांना माहीत आहे त्यांनाही वाटणार नाहीत.

खाखरा पहिला, कारण संचातली सगळ्यात चांगली वस्तू तीच. नुसतं गव्हाचं पीठ, दूध आणि तुपाचं मोहन. मीठ नाही, ओवा नाही, मेथी नाही. अळणी खाखरा बेचव होतो तो भाजणीत चुकल्यामुळे. मंद तव्यावर लाकडी दट्ट्याने दाबत, फिरवत, सावकाश भाजला की गव्हाचीच गोडी वर येते. हा तसा भाजलेला होता. कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा बदामी, डाग नाहीत, आणि पाकीट उघडल्यावर तुपाचा वास आला, डालड्याचा नाही. पोरीने त्यावर तूप आणि गुळाची भुकटी घालून गुंडाळी करायला जाऊन तो मोडला, मग तुकडे दुधात बुडवून खाल्ले. डब्यात सकाळी भरलेला दुपारपर्यंत मऊ पडला नव्हता, आणि बडोद्याच्या जुलैतल्या हवेत ही लहान गोष्ट नाही.

डब्याचं मुद्दाम सांगते, कारण खरी परीक्षा शाळेतच असते. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुली या दिवसांत मेंदीचे हात आणि मोळा डबा घेऊन येतात. मधल्या सुट्टीत त्या एकत्र बसतात आणि कोणाकडे काय आहे याची पाहणी चालते. ज्या मुलीच्या डब्यात नुसती दूध-भाखरी, ती हिरमुसते. बाजूच्या बाकावर मुलगे लीलो चेवडो खात असतात. आमच्या बडोद्याचा हा हिरवा चिवडा आंबट-गोड-ओला, वासानेच तोंडाला पाणी सुटतं. घरीही तेच. दिराचा मुलगा तिच्याहून वर्षाने मोठा, त्याला कसलंच व्रत नाही. तो समोर बसून वेफर कुरकुरवतो आणि वर विचारतो, "तने खावी छे?" पहिल्या वर्षी मी त्याला दटावलं होतं. या वर्षी बांनीच त्याला सांगितलं की बहीण अळणी खाते तोवर तूही संध्याकाळी तिच्याबरोबर मोळंच खायचं. दोन दिवस टिकला. माझा नवरा एकच दिवस.

सुखडी मात्र फसली. दगड होती. सुखडीत गुळाचा पाक करायचा नसतो. तुपात पीठ खमंग भाजायचं, गॅस बंद करायचा आणि मग किसलेला गूळ घालून हलवायचं, तो नुसत्या उष्णतेने विरघळतो. गूळ आचेवर शिजला की वडी कडक होणारच. दुकानवाल्यांना हे कळत नसेल असं नाही. मऊ सुखडी खोक्यात चुरते आणि कडक टिकते, एवढंच त्यामागचं गणित असावं. दुधाचे दात हलणाऱ्या वयाच्या मुलींसाठी हा खाऊ आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही ती खलबत्त्यात कुटून दुधात घातली.

तक्रार करावी अशी गोष्ट पुढे आहे. केळ्याचे वेफर. खोक्यावर मोठ्या अक्षरात "व्रत स्पेशल", आतल्या पाकिटावर "फराळी". दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी दोन-तीन वेफर खाऊन म्हणाली, "आई, हे किती मस्त लागतंय!" मस्त लागतंय म्हणताच बांनी तिच्या हातातला एक तुकडा जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "बेटा, आ तो फराळी छे, मोळी नथी." पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सैंधव लिहिलेलं होतं. एकादशीच्या फराळाला सैंधव चालतं, मोळाकतीला कोणतंच मीठ चालत नाही. गुजरातेत राहून, गुजराती गिऱ्हाइकाला, गौरीव्रताच्याच खोक्यात हे घालणं म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा.

पोरीला समजलं आणि रडायला जी लागली ती थांबेना. तिच्या मते व्रत मोडलं होतं, आता गोरमा रागावणार, आणि मैत्रिणींना कळलं तर संपलंच. मी काही बोलणार तेवढ्यात बांनी तिला मांडीवर घेतलं. "गोरमा तो मा छे. मा कंई मीठुं गणवा बेसे?" मग दोघी देवघरात गेल्या, जवाऱ्यांपुढे हात जोडले, आणि बांनी तिला चूळ भरायला लावली. झालं. पंधरा मिनिटांत पोरगी खाली खेळायला. माझ्या आईच्या घरी अशा प्रसंगी प्रायश्चित्त म्हणून निदान एक जप तरी मागे लागला असता. दुसऱ्या दिवशी मी दुकानात पाकीट घेऊन गेले. वाद न घालता पैसे परत दिले आणि बदल्यात मोळे बटाट्याचे वेफर दिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण शेल्फवर तेच गुलाबी खोके तसेच रचलेले होते. तेव्हा खोक्यावरच्या अक्षरांवर जाऊ नका, प्रत्येक पाकीट पालथं करून वाचा. सैंधव, सिंधव, रॉक सॉल्ट, काहीही लिहिलेलं असू शकतं.

जाता जाता तब्येतीचंही. मी आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं होतं. निरोगी मुलीला, पाणी-दूध-फळं नीट चालू असतील तर, पाच दिवसांची काळजी नको म्हणाले. पण जुलाब-उलट्या झाल्या की व्रत तिथेच थांबवायचं आणि ओआरएस द्यायचं, त्यात मीठ आहे म्हणून मागेपुढे पाहायचं नाही. बांनीही याला मान डोलावली, म्हणून इथे लिहिते. घरात वडीलधाऱ्यांशी हे बोलणं एकादशीच्या आधीच उरकून घ्यावं.

आता जवारे. संचातल्या रामपातरात वीतभर उंच, पिवळट, दाट जवारे होते. फोटोला छान. अंधाऱ्या खोलीत वाढवलेले असतात म्हणून असे लांब आणि फिके येतात. उजेड मिळत नाही म्हणून देठ नुसता उंच धावतो, अंगात जोर नसतो. तिसऱ्या दिवशी सगळे एका बाजूला आडवे झाले आणि मुळाशी पांढरी बुरशी दिसली, कारण पाणी निचरायला खाली भोकच नव्हतं. सकाळी तबकात घेऊन मुली देवळात जातात तेव्हा आपल्या जवाऱ्यांकडे दुसरीचं लक्ष असतं, हे लक्षात ठेवा.

आमच्याकडे ते निभावलं, कारण बांनी आठवडाभर आधीच दुसरं रामपातर पेरलं होतं. त्याच दुकानातली सात धान्यांची पुडी, 30 रुपये. गहू, जव, तीळ, मूग, तूर, चवळी आणि अक्षता. माझ्यासारखीने नवरात्रात घटाखाली गहू पेरलेले असतात, त्यामुळे हात लगेच बसतो. धान्य रात्रभर भिजवा, माती आणि वाळलेलं शेणखत मिसळून भांड्यात भरा, वर धान्य पसरून मातीचा पातळ थर द्या, पाणी शिंपडा, ओतू नका. मूग आणि चवळी आधी डोकं काढतात, वाकड्या मानेने माती उचलून. गहू-जव मागोमाग, सुईसारखे सरळ. तीळ रेंगाळले. तांदूळ उगवलेच नाहीत.

पोरगी रोज सकाळी दात घासायच्या आधी गॅलरीत जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तिने येऊन विचारलं की तांदूळ का येत नाहीत, ते रागावलेत का. रागावतील कसे, पुडीत घातलेले तांदूळ सडलेले, म्हणजे पॉलिश केलेले, पांढरेशुभ्र. गिरणीत टरफलाबरोबर कोंबही निघून जातो, मग उगवणार काय? पूजेच्या अक्षतांना ते चालतात, पेरायला साळ लागते. तिला मी एक साळीचा दाणा आणि एक तांदूळ शेजारी ठेवून भिंगातून दाखवला. तांदळाच्या टोकाला जिथे खाच दिसते तिथेच कोंब होता. तिने ती खाच नखाने चाचपून बघितली आणि सगळ्या सोसायटीत जाऊन सांगितलं की दुकानवाले काकांना तांदूळ पेरता येत नाहीत. तेव्हा पुडी घेतली तरी मूठभर साळ वेगळी आणा, आणि तुरीचे अख्खे दाणे आहेत ना बघा. डाळ असेल तर तीही उगवणार नाही.

आणि नागला. कापसाची लांब वात ओढायची, ठराविक अंतरावर कंकवाच्या ओल्या बोटांनी चिमटायची, की मण्यांसारखे फुगे आणि मधे लाल ठिपके होतात. हा जवाऱ्यांना वाहायचा. संचातला नागला मशीनच्या कापसाचा, गुळगुळीत, रंग पसरलेला. अहो, आपण गणपतीला कापसाची वस्त्रं करतो, तीच की ही! मी आईकडे गौरी-गणपतीच्या आधी दुपारभर वस्त्रं करत बसायचे. या घरात पहिल्यांदा मी कापूस हातात घेऊन झरझर नागला ओढला तेव्हा बा क्षणभर बघत राहिल्या आणि मग शेजारच्या काकींना हाक मारून बोलावलं, सून बघा म्हणून. तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्या मुलींचे नागलेही माझ्याकडे येतात. कापसाचा छोटा गुंडा 20 रुपयांना मिळतो आणि त्यात दहा मुलींचं काम होतं. लहान मुलीला चिमट्या काढायला द्या, ती एका जागी बसते.

मेंदीचे कोन बरे होते, रंग चढला, खाज आली नाही. दिवा चेपका. कंकवाची पुडी फाटलेली.

पाचव्या रात्री जागरण असतं. संचात त्यासाठी काही नाही आणि नसलं तरी अडत नाही. सोसायटीच्या आवारात गरबा झाला, मग अंताक्षरी, मग गोरमाची गाणी, ज्यात चांगला नवरा मागतात आणि सासरचे एकेक जण कसे असावेत हेही मागून घेतात. सात वर्षांची मुलगी तल्लीन होऊन सासू मागत होती. 1904 साली सयाजीराव महाराजांनी याच संस्थानात बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला, आणि 1906 पासून मुलींसकट सगळ्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. महाराजांनी हे गाणं ऐकलं असतं तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. मी लेकीला विचारलं, तुला खरंच नवरा हवाय का? ती म्हणाली, नको, मला जागरण हवंय. पहाटे तीनला ती चटईवर आडवी झाली तेव्हा बांनी तिच्या वाटचं तू जाग म्हणत मलाच उठवून बसवलं.

सकाळी जवारे नदीत किंवा तळ्यात सोडण्याऐवजी आम्ही सोसायटीच्या कुंड्यांत मिसळले. बऱ्याच जणी आता तसंच करतात. मग पारणं. लेकीला हवी होती सेव-उसळ, बडोद्याची, तर्रीवाली, वर कांदा आणि मूठभर शेव. पाच दिवसांच्या अळणी जिभेवर पहिला घास गेला आणि तिने डोळे मिटून "खारं!" म्हटलं. तक्रार म्हणून नाही. दुसऱ्या वाटीला तिखट सोसेना, म्हणून माझ्याकडे सरकवली.

गुण द्यायचे तर खाखऱ्याला पाचपैकी पाच, वेफरला शून्य, संपूर्ण खोक्याला तीन. पुढच्या आषाढात मी खाखरा आणि सुकामेवा सुटा घेईन, साळ सांगलीहून मागवेन. लवकर घ्या, एकादशीच्या आदल्या दिवशी मोळं काही शिल्लक राहत नाही. दुकानदाराने पैसे परत देताना उजवण्याच्या संचाचं पत्रकही हातात दिलं: गोरणी जेवायला बोलवायच्या, त्यांना द्यायच्या भेटवस्तू, सगळं एका खोक्यात. मी म्हटलं, भाई, अजून तीन वर्षं आहेत. तो म्हणाला, "तो शुं थयुं, अत्यारे लखावी दो तो जूनो भाव." म्हणजे आत्ताच नोंदवलं तर जुन्या भावात. बा आता ते पत्रक घेऊन बसल्या आहेत आणि चष्मा लावून वाचतायत.